कुस्कोतला एक चिरा

२००२ ते २००४ अशी दोन वर्षं मी पेरूमधल्या कुस्को शहरात राहिले. सान ब्लास नावाच्या चढावरच्या वस्तीत भाड्याची खोली होती आणि ऑफिस खाली, मोठ्या चौकाजवळ. सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं. ३,४०० मीटर उंचीवर तो चढ दम काढतो. म्हणून मधल्या एका अरुंद बोळात मी थांबायचे आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत उजव्या हाताच्या भिंतीला तळवा टेकवून उभी राहायचे. त्या बोळाचं नाव हातुन रुमियोक. केचुआ भाषेत त्याचा अर्थ होतो ‘मोठा दगड असलेला’. मी जिथे हात टेकायचे तिथून चार पावलांवर तो प्रसिद्ध बारा कोनांचा चिरा आहे. कुस्केन्या बिअरच्या बाटलीवर आणि गल्लीतल्या प्रत्येक दुकानातल्या टी-शर्टवर तोच असतो.

एकवीस वर्षांनी, २०२५ च्या जुलैत, मी परत गेले. त्याच बोळात दम लागला, हात आपसूक वर गेला आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. हात लावायचा नाही. त्याचं चुकलं नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका माणसाने हातोडी घेऊन बारा कोनांच्या चिऱ्यावर घाव घातले होते आणि सहा ठिकाणी टवके उडवले होते. मी वाकून पाहिलं. हिरवट करड्या, गुळगुळीत दगडावर ते पांढुरके व्रण ओरखडलेल्या गुडघ्यासारखे दिसत होते. साडेपाचशे-सहाशे वर्षांच्या त्या दगडाने भूकंप पाहिले, आगी पाहिल्या, आणि माझ्या पोटात तुटल्यासारखं झालं ते एका हातोडीच्या खुणांनी.

त्या संध्याकाळी ठरवलं की या चिऱ्याची कुळकथा एकदा नीट मांडायची. तो कुठून आला, कोणाच्या घरात लागला, कोणाकोणाच्या हाती गेला आणि आजवर जागेवर कसा राहिला. यातला शेवटचा प्रश्न माझ्या धंद्याचा आहे आणि तो मी इथे येताना सोबत घेऊन आले होते.

मी मूळची सोलापूरची, स्थापत्य अभियंता. नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोचवून दमलेली गावं गाढ झोपेत होती. जवळपास दहा हजार माणसं गेली. नंतर कित्येक महिने मी पडक्या घरांची मोजमापं घेत फिरले. तिथल्या भिंती दगडीच होत्या, चांगल्या दोन-अडीच फूट जाड. पण बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये गोट्यांची आणि मातीची भर, आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड जवळपास कुठेच नाही. वर माळवदाची टनावारी माती. जमीन हलल्याबरोबर भिंतीचे दोन थर दोन बाजूंना फुगले, फाटले आणि माळवद खाली आलं. त्या कामानंतर दगडी भिंत म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. कुस्कोला मी आले ती मातीच्या, म्हणजे अदोबेच्या घरांसाठी. २००१ च्या जूनमध्ये दक्षिण पेरूत ८.४ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला होता. त्याआधी १९९९ च्या सुमारास लिमाच्या कॅथलिक विद्यापीठातल्या अभियंत्यांनी काही जुन्या अदोबे घरांच्या भिंतींवर तारेच्या जाळीचे आणि सिमेंटचे पट्टे चढवले होते. आजूबाजूची घरं पडली आणि ती घरं उभी राहिली. हे काम शिकायला आणि पुढे न्यायला एका संस्थेने मला पाठवलं. आणि राहायला मिळालं ते अशा गावात, जिथे चुन्या-मातीशिवाय रचलेल्या दगडी भिंती मोठमोठ्या भूकंपांतून उभ्या आहेत.

गावाच्या नावापासूनच दगड सुरू होतो. ‘कोस्को म्हणजे नाभी’ हे प्रत्येक गाइड सांगतो. ते कुस्कोतच जन्मलेल्या गार्सिलासो दे ला व्हेगा या लेखकाने लिहून ठेवलं आणि चारशे वर्षं चाललं. पेरूचे भाषाशास्त्रज्ञ रोदोल्फो सेर्रोन-पालोमिनो यांनी मात्र हे नाव आयमारा भाषेतल्या ‘घुबडाचा खडक’ या अर्थाच्या शब्दांवरून आल्याचं मांडलं. मला तेच पटतं, कारण गावाची जन्मकथा त्याला जुळते. सार्मिएन्तो दे गाम्बोआ या स्पॅनिश बखरकाराने १५७२ मध्ये इंकांकडून ऐकून लिहिलेल्या हकिकतीत चार भाऊ आणि चार बहिणी जमीन शोधत येतात. त्यांतला आयार आउका पंख फुटून एका खुणेच्या खडकावर जाऊन बसतो आणि तिथेच दगड होतो. जागेचा ताबा असा मिळाला. भाऊच दगड झाला म्हटल्यावर ती जमीन कुळाची. ती जागा आज जिथे सांतो दोमिंगोचा मठ आहे त्याच्या जवळपासची. आपल्या गावाच्या वेशीवर शेंदूर लावलेला दगड असतो, त्याला कोणी दगड म्हणत नाही. ही गोष्ट मला त्यामुळे कोणी समजावून सांगावी लागली नाही.

आता खाण. कुस्कोच्या उत्तम भिंतींतला बराचसा अँडेसाइट दगड आग्नेयेला सुमारे ३५ किलोमीटरवरच्या रुमिकोल्का खाणीतून आला. वाटेत ओरोपेसा हे पाववाल्यांचं गाव लागतं. तिथला ताटाएवढा गोल, किंचित गोड पाव घेतल्याशिवाय आमची जीप कधी पुढे गेली नाही. मला खाण पहिल्यांदा दाखवली ती आमच्या कामावरच्या गवंड्याने. पेरूत गवंड्याला ‘माएस्त्रो’ म्हणतात, म्हणजे उस्ताद, गुरू. तो मला ‘इंहेनिएरा’, म्हणजे इंजिनिअरबाई, म्हणायचा, मी त्याला माएस्त्रो. वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता. खाणीत अर्धवट घडवलेले चिरे जागच्या जागी पडलेले आहेत. काम करता करता कोणीतरी उठून गेलं आणि परत आलंच नाही, असे. माएस्त्रोने एका चिऱ्यावर हात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. मधल्या भागात रुपयाएवढे खळगे, कडेला येता येता ते बारीक होत गेलेले, अगदी कडेवर मोहरीएवढे. ‘इथे मोठ्या दगडाने ठोकलं,’ तो म्हणाला, ‘आणि इथे लहानाने.’

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ असं आपण म्हणतो. इथे टाकी नव्हतीच. लोखंड इंकांना माहीत नव्हतं. दगड दगडानेच घडवला. १९८० च्या दशकात ज्याँ-पिएर प्रोत्सेन या वास्तुविशारदाने स्वतः हातात क्वार्टझाइटचे गोटे घेऊन अँडेसाइट ठोकून पाहिला. गोटा पडू द्यायचा, तो उसळतो, ती उसळी पकडून पुन्हा टाकायचा. मनगटावर जोर कमी पडतो आणि दगडाचा बारीक चुरा उडत राहतो. खाणीत दिसतात तसेच खळगे त्याच्या दगडावर उमटले. बसवण्याची रीतही त्याने शोधली. वर येणाऱ्या चिऱ्याची खालची बाजू आधी घडवायची. मग खालच्या, आधीच बसलेल्या चिऱ्याच्या माथ्यावर तिच्या मापाची खाच कोरायची. चिरा ठेवून पाहायचा, कुठे टेकतो ते बघायचं, उचलायचं, तेवढंच ठोकायचं, पुन्हा ठेवायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजी पाट्याला टाकी लावून झाल्यावर त्यावर ओला वरवंटा फिरवून कुठे उंचवटा राहिला ते बघायची, ते आठवलं. बारा कोन हे कोणा राजाने नवलासाठी सांगितलेले नाहीत. शेजारचे दगड जसे होते तसा हा घडवला गेला, आणि शेजारी जास्त होते.

असे दगड ओढून आणणं ही वेगळीच कहाणी. सीएसा दे लेओन हा स्पॅनिश बखरकार १५५० च्या सुमारास कुस्कोत होता. साक्सायवामान या टेकडीवरच्या तटाच्या कामाला २०,००० माणसं लावली होती, त्यांतली ४,००० खाणीत, ६,००० ओढकामाला, असं तो सांगतो. ती मिता होती, म्हणजे पाळीपाळीने सगळ्या प्रांतांनी द्यायची वेठ. तिथले सगळ्यात मोठे दगड शंभर टनांच्या वरचे आहेत. गार्सिलासोने एका ‘दमलेल्या दगडा’ची गोष्ट नोंदवली आहे. वाटेत तो इतका थकला की पुढे जाईना, आणि रक्ताचे अश्रू रडला. केचुआत त्याला सायकुस्का म्हणतात. त्या गोष्टीत हा दगड निसटून माणसं मेल्याचंही येतं. रक्त कोणाचं ते उघड आहे. इंकांच्या भिंतींचं कौतुक करताना हे रक्त गाळून टाकणं मला जमत नाही. वेठीने राबलेल्या हातांची सफाई आणि त्यांचे हाल हे दोन्ही त्या सांध्यांत आहेत.

हातुन रुमियोकची भिंत इंका रोका या सहाव्या राजाच्या वाड्याची मानतात. कुस्कोला चिरेबंदी रूप आलं ते मात्र पंधराव्या शतकात, पाचाकुती या राजाच्या काळात आणि त्यानंतर. भिंती पायाशी रुंद आणि वर आत कललेल्या, दारं-कोनाडे वर निमुळते, आणि छपरं इचु गवताची. गवताच्या छपरापाशी मी अडते. एवढ्या भक्कम भिंतीवर इतकं हलकं छप्पर, आणि किल्लारीत कमकुवत भिंतीवर मातीचा डोंगर. सगळे सांध्यांत चाकूचं पातं जात नाही म्हणून थक्क होतात. मला वाटतं, भूकंपात निम्मं काम त्या गवताने केलं.

१५३३ च्या नोव्हेंबरात स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिसार्रोची फौज कुस्कोत शिरली. त्याआधीच, कैदेतल्या अताहुआल्पा या इंका राजाच्या खंडणीसाठी, तिघे स्पॅनिश येऊन कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे पहारींनी उचकटून घेऊन गेले होते. पत्रे गेले, भिंती राहिल्या. १५३४ मध्ये शहराची स्पॅनिश पद्धतीने ‘स्थापना’ झाली आणि वाडे वाटले गेले. कोरिकांचा पिसार्रोच्या भावाच्या, हुआन पिसार्रोच्या वाट्याला आलं आणि पुढे दोमिनिकन साधूंकडे गेलं. १५३६ मध्ये मांको इंका या इंका राजाने शहराला वेढा घातला. तापवून लाल केलेले दगड कापसात गुंडाळून गोफणींनी छपरांवर फेकले. गवत पेटलं, जवळजवळ सगळं कुस्को जळालं. भिंती काळवंडल्या आणि उभ्या राहिल्या. त्याच लढाईत साक्सायवामानवर हल्ला करताना डोक्यात दगड बसून हुआन पिसार्रो मेला.

यानंतरचा टप्पा लोक घाईने ओलांडतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्पॅनिशांनी इंकांचं कुस्को पाडलं असं आपण वाचतो. ते खरं आहे, पण सगळीकडे सारखं खरं नाही. साक्सायवामानवर कोणी राहायला गेलं नाही. तो तट सरळ खाण झाला. ज्याला घर बांधायचं तो वर जायचा आणि उचलता येतील तेवढे घडीव दगड घेऊन यायचा. मोठी चर्चही त्याच दगडांवर उठली. १५६० मध्ये सुरू झालेल्या कॅथिड्रलमध्येही टेकडीवरचे दगड आहेत. उरले ते फक्त कोणालाच न हलवता येणारे. गार्सिलासोने हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि फार दुःखाने लिहिलं. ही लूट शतकानुशतकं चालली. १९३४ मध्ये लुइस व्हाल्कार्सेल यांनी तिथे खोदकाम केलं तोवर तट मातीत बुडालेला होता. आपल्याकडे गडांच्या पायथ्याच्या गावांत घराच्या जोत्याला, विहिरीच्या काठाला तटाचा चिरा दिसतो. तेच.

खाली गावात मात्र विजेत्यांनी वाड्यांच्या भिंतींवर वरचे मजले चढवले. खाली इंकांचा दगड, वर अदोबे, त्यावर कौलं आणि पुढे लाकडी सज्जे. सांतो दोमिंगोच्या मठाला सूर्यमंदिर जोतं म्हणून मिळालं, बिशपला इंका रोकाचा वाडा. काही भिंती पार गिलाव्याखाली गेल्या. अपमान होताच. पण ज्या भिंतीवर कोणाचं तरी छप्पर टेकलं, तिचे दगड कोणी काढून नेले नाहीत. बारा कोनांचा चिरा आज जागेवर आहे तो त्याच्या सांध्यांमुळे जेवढा, तेवढाच वरच्या माणसाला घर हवं होतं म्हणून. मजबुतीचंच म्हणाल तर साक्सायवामानच्या चिऱ्यांत काही कमी नव्हतं.

हातुन रुमियोकमध्ये गाइड एक कोटी करतात. एका बाजूची भिंत ‘इंकास’नी बांधली, समोरची ओबडधोबड भिंत ‘इंकापासेस’नी, म्हणजे नालायकांनी. सगळे हसतात. मी माएस्त्रोला एकदा ती सांगितली तर तो हसला नाही. ‘समोरची भिंत कोणी बांधली, इंहेनिएरा?’ त्याने विचारलं. ‘माद्रिदहून गवंडी आले होते?’ त्याचं बरोबर होतं. राजधानी पडली म्हणून हात संपले नव्हते. केचुआ गवंड्यांची मुलं-नातवंडंच ती कामं करत होती. चिरा घडवायला वेळ लागतो, वेळ द्यायला मालक लागतो, आणि नव्या मालकाला घाई होती. ती ओबडधोबड भिंतही त्याच घराण्यातली आहे.

३१ मार्च १६५० ला दुपारी मोठा भूकंप झाला. वरची अदोबे घरं, चर्चचे मनोरे कोसळले. लोकांनी क्रूसावरच्या ख्रिस्ताची एक मूर्ती बाहेर आणून चौकात फिरवली आणि धक्के शमले, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून तो ‘भूकंपांचा स्वामी’, मेणबत्त्यांच्या काजळीने काळा पडलेला. ईस्टरच्या आदल्या सोमवारी त्याची मिरवणूक निघते. २००३ मध्ये मी ती चौकात उभी राहून पाहिली. सज्ज्यांतून न्युक्चुची फुलं पडत होती. लहान, गर्द लाल, ओलसर. दगडी फरशी लाल झाली होती. शेजारच्या आजींनी माझ्या केसांतलं एक फूल काढून माझ्याच हातात दिलं आणि म्हणाल्या, ‘ठेव, घराला चांगलं असतं.’ पंढरपूरला बुक्का लावून घेतलेली माझी आई असती तर तिने ते फूल आधी डोळ्यांना लावलं असतं. मीही तेच केलं.

तीनशे वर्षांनी, २१ मे १९५० ला, रविवारी दुपारी, पुन्हा तेच. शहरातल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक इमारती गेल्या. सांतो दोमिंगोचं चर्च आणि मठ फाटले, आणि फाटलेल्या गिलाव्यातून कोरिकांचाच्या भिंती बाहेर आल्या. पडझड पाहायला आलेल्या लोकांना एका मठाच्या पोटात एक मंदिर उभं दिसलं. मग वाद सुरू झाला. मठ होता तसा बांधायचा, की मंदिर मोकळं करायचं? १९५१ मध्ये युनेस्कोने जॉर्ज कुब्लर या कला-इतिहासकाराच्या नेतृत्वाखाली मंडळ पाठवलं. शेवटी दोन्ही झालं. आज तुम्ही मठाच्या कमानींच्या चौकात उभे राहता आणि त्या कमानींच्या आड इंकांच्या खोल्या दिसतात.

एक गोष्ट मला तेव्हा, २००२ मध्ये, कळली नव्हती. मी भिंती पाहायचे आणि वाटायचं, या अशाच होत्या. अशा उघड्या, गिलावा खरवडलेल्या, प्रकाशझोत टाकलेल्या इंका भिंती हे बऱ्याच अंशी विसाव्या शतकाचं काम आहे. मार्तीन चाम्बी या छायाचित्रकाराने बारा कोनांच्या चिऱ्याचा फोटो काढला. होसे मारिया आर्गेदास यांची १९५८ ची ‘लोस रिओस प्रोफुंदोस’ ही कादंबरी एका मुलाच्या कुस्कोतल्या इंका भिंतीला हात लावण्याने सुरू होते. १९८३ मध्ये शहर जागतिक वारशाच्या यादीत आलं. मग चिरा बाटलीवर गेला. चिऱ्याला चेहरा मिळाला, नाव मिळालं, आणि मग पहारेकरी.

गार्सिलासोबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण परत येण्याची गोष्ट खरी त्याची. १५३९ मध्ये तो कुस्कोत जन्मला. आई इंका राजघराण्यातली चिम्पु ओक्यो, वडील स्पॅनिश कप्तान. विसाव्या वर्षी, १५६० मध्ये, तो स्पेनला निघाला. निघण्याआधी निरोप घ्यायला पोलो दे ओन्देगार्दो या अधिकाऱ्याकडे गेला तेव्हा त्याला आजोळच्या राजांची शवं दाखवली गेली. जपलेली, बसलेली, भुवयांच्या केसांसकट शाबूत. त्याने त्यांतल्या हुआयना कापाक या राजाच्या बोटाला हात लावून पाहिला. ते लाकडासारखं कडक होतं. तो स्पर्श घेऊन तो गेला आणि पुन्हा कधी आला नाही. जवळपास पन्नास वर्षांनी, १६०९ मध्ये, लिस्बनला त्याचं ‘कोमेन्तारिओस रेआलेस’ छापलं गेलं. त्यात कुस्कोच्या गल्ल्या, वाडे, तट तो असे चालत दाखवतो की आजही ते पुस्तक हातात धरून शहरात फिरता येतं. काही मापं चुकली आहेत. आठवणीतला तट खऱ्याहून मोठाच असतो. १६१६ मध्ये तो कोर्दोबाला वारला. १९७८ मध्ये त्याच्या अस्थींचा काही भाग कुस्कोला आणला आणि एल त्रिउन्फो चर्चच्या तळघरात ठेवला. ४१८ वर्षांनी. मी दोन्ही वेळा तिथे जाऊन आले.

या खेपेला सान ब्लासमधलं माझं घरही पाहिलं. खालचे चार थर घडीव दगडाचे, वर अदोबे. घरमालकीणबाई दरवर्षी पावसाळा संपला की मातीत इचु गवत तुडवून दोन्ही थरांवर सारखा गिलावा द्यायच्या. दगड दिसायचाच नाही. मी विचारलं होतं, इतका सुंदर दगड का झाकता? त्या म्हणाल्या, पोरी, भिंतीलाही थंडी वाजते. आता तिथे हॉटेल आहे. खालचे दगड घासून, वरून दिवे सोडून मोकळे केलेत, अदोबे जाऊन काँक्रीट आलं आहे आणि त्यावर अदोबेच्या रंगाचा गिलावा. हॉटेलवाल्यांनी वाईट काही केलेलं नाही, दगड जपला. साफी रस्त्यावर तर एका हॉटेलच्या कामात इंका भिंतीच गेल्या आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती इमारत पाडायला सांगितली. पण चार शतकं ज्या दगडाने वर हलकी मातीची भिंत झेलली, त्याच्या डोक्यावर आता काँक्रीटचा स्लॅब आहे. पुढच्या धक्क्याला तो कसा वागेल याची मला काळजी वाटते, आणि ही काळजी मी व्यवस्थापकाला भेटून सांगून आले.

दगड अमर नाहीत, हेही सांगायला हवं. भूशास्त्रज्ञ आता इंका भिंतींच्या चिऱ्यांचे उडालेले कोपरे मोजतात. धक्क्यात शेजारी-शेजारी असलेले दोन चिरे एकमेकांवर आपटतात आणि कोपऱ्याची कपची उडते. त्या कपच्यांवरून कधीकाळी जमीन हलली होती हे कळतं. मीही या वेळी तेच बघत फिरले. लोरेतो गल्लीत एका भिंतीत मला अशा खुणा दिसल्या. वीस वर्षांपूर्वी मी त्यांना गाड्यांच्या धक्क्यांच्या खुणा समजले होते. सांधे हलले, टेकले, परत बसले. किल्लारीच्या भिंतीत गोटे हलले की मातीतून सुटायचे, त्यांना परत बसायला जागाच नव्हती.

माएस्त्रोला भेटायचं राहिलं नाही. तो आता ऐंशीच्या पुढे आहे, सान हेरोनिमोमध्ये मुलीकडे राहतो. मी फोन केला तर म्हणाला, इंहेनिएरा, मी येतो. बसने आला. अंगात तपकिरी स्वेटर, डोक्यावर हॅट. मी ओरोपेसाचा पाव आणला होता. आम्ही चौकातून लोरेतो गल्लीत चालत गेलो. माझ्यापेक्षा तो हळू चालत होता, आणि मी माझ्या तरुणपणापेक्षा. जुलैचं ऊन गल्लीच्या एकाच बाजूला होतं. दुसऱ्या बाजूच्या सावलीत हाडं गारठत होती. अर्ध्या वाटेवर तो थांबला, उन्हाच्या बाजूच्या भिंतीला पाठ लावली आणि हॅट काढली.

‘सायकुस्का,’ तो स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला. दमलेला दगड.

इथे पहारेकरी नव्हता. मी त्याच्या शेजारी पाठ टेकली. चिरा उन्हाने तापला होता, सांध्याची रेघ मणक्याला जाणवत होती. एक बाई मक्याच्या कणसांचं गाठोडं घेऊन आली, आमच्यापलीकडे भिंतीला ते टेकवलं, खांदा मोकळा केला, ‘बुएनास तार्देस, पापितो’ म्हणाली. माएस्त्रोने मान हलवली, पावाचा तुकडा मोडला आणि अर्धा तिच्यापुढे धरला.